नावाचे घास

वैद्यबाईंना सगळी पेठ पाठीमागं ‘ढेकरबाई’ म्हणायची. पोर दारात आलं की नाडीच्या आधी बाई विचारणार, “ढेकर कसा येतो रे? आंबट, कडू, की नुसताच हवेचा?” पोरं खिदळायची, आया लाजायच्या. बाईंना मात्र लाज ठाऊक नव्हती. पोटाचा धंदा करणाऱ्यानं नाक मुरडून कसं चालेल?

एकदा शिंपीण आपल्या नातीला घेऊन आली. हातपाय काड्या, पोट मडकं. जेवण झालं की पोटदुखी, नाहीतर उलटी, वर्षानुवर्षं हेच. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या होऊनही काही निघालं नव्हतं. बाईंनी सुंठ-ओव्याचं चाटण दिलं, पथ्य सांगितलं. महिना गेला, पण ढिम्म फरक नाही. शिंपिणीनं तोंड सोडलं, “तुमचं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी! आता हिला नेऊ कुठं?”

बाईंना ते झोंबलं. ऐन जेवणाच्या वेळी त्या शिंपिणीच्या घरी जाऊन बसल्या. ताटात सगळं पथ्याचंच होतं. आजीनं घास उचलला. “हा बाबाच्या नावाचा. हा काकाचा. हा आत्याचा, नाहीतर रुसेल हं ती!” पोर डोळे पांढरे करून गिळत होती. आत्यामागून मामा, मामामागून मावशी, शेवटी गल्लीतल्या मांजराचाही घास निघाला.

“थांबा!” बाई कडाडल्या. “अहो, पोरीच्या पोटात अख्खं खानदान बसवलंत! औषधानं उभं कुठं राहायचं?”

“पण ती कधी मागतच नाही हो!”

“मागायला आधी भूक तर लागू द्या. ताट पुढं ठेवा आणि हात आवरा. खाईल तेवढं तिचं.”

हात आवरेना, म्हणून शिंपीण जेवणाच्या वेळी सदऱ्यांना काजं करत बसू लागली. पोर थोडंसं खाऊन उठायची, आजीचा जीव तीळतीळ तुटायचा. पण उलट्या थांबल्या. पोटदुखीही हळूहळू मागं हटली.

एका सकाळी बाई औषध कुटत होत्या, तोच शिंपीण नातीला धरून धापा टाकत आली. बाईंनी बत्ता खाली ठेवला. “काय झालं?”

“उठल्यापासून ताट बडवतेय! म्हणते, भूक लागली, आत्ताच्या आत्ता वाढ!”

“मग वाढलं नाहीत?”

“म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. वाढू का?”

बाईंनी कपाळावर हात मारला आणि खदाखदा हसत सुटल्या. “अहो, पळा! भूक काय परवानगी घेऊन येते?”

शिंपीण पदर सावरेपर्यंत पोरीनं हात सोडवून घराकडं धूम ठोकलीसुद्धा.