मावसभावाची परदेशी कारकीर्द

रायगड जिल्ह्यातल्या दारांना माझ्या रोह्याच्या मावसभावाइतका नम्र माणूस आजवर भेटलेला नाही. सहा फूट आठ इंचांचा हा इसम प्रत्येक उंबऱ्यावर कमरेत वाकतो. समोरच्या म्हाताऱ्यांना वाटतं, पोरगा पाया पडतोय, आणि ते आशीर्वाद देऊन मोकळे होतात. एवढे आशीर्वाद गोळा झाल्यावर माणूस परदेशी व्यावसायिक बास्केटबॉल खेळायला गेला नसता तरच नवल.

पूर्व युरोपातल्या एका लहानशा, गारठलेल्या गावातल्या क्लबाने त्याचे व्हिडिओ पाहून करार पाठवला, तेव्हा मावशीने एकच प्रश्न विचारला, "तिथं भात मिलंल काय?" कोणालाच माहीत नव्हतं. मग तिने पेणहून पोह्याचे पापड मागवून दोन डबे ठासून भरून दिले. पुढे त्याला अशी सवय जडली, की सामन्याआधी एक पापड भाजून खाल्ल्याशिवाय तो बुटाला हात लावत नसे. एकदा कपडे बदलायच्या खोलीत त्याने पापड भाजला आणि धुराचा भोंगा वाजला. दोन्ही संघ अर्ध्या चड्डीत बाहेर बर्फात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी त्याचा संघ जिंकला. प्रशिक्षक देवभोळा होता. त्याने पुढच्या सामन्यापासून सगळ्या संघाला पापड सक्तीचा केला. "ती टीम माझ्या पापडावर चालते," असं मावशी रोहाभर सांगायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

खेळाडू म्हणून मात्र त्याची कारकीर्द मुख्यतः बाकावर बहरली. आम्ही सगळे मावशीकडे जमायचो, मोबाइल टीव्हीला जोडायचो आणि एका कोपऱ्यात दिसणारे त्याचे गुडघे पाहायचो. तो आळस द्यायला उठला तरी टाळ्या पडत. एकदा त्याने कर्णधाराच्या हातात टॉवेल दिला, तर शेजारीण म्हणाली, "काय झोकात दिला गो!" काका, म्हणजे त्याचे वडील, कंपनीतली शिफ्ट बदलून घेऊन बसलेले असत. ते म्हणायचे, "त्याला राखून ठेवलाय. हुकमाचा एक्का पहिल्याच हाताला कोन टाकतो?" दोन वर्षं हा एक्का राखीवच राहिला.

तिसऱ्या वर्षी एका सामन्यात कर्णधार पाच फाउल करून बाहेर बसला आणि आमचा माणूस आत गेला. चार मिनिटं खेळला. त्या चार मिनिटांत त्याने लागोपाठ तीन बास्केट केल्या. तिसरी करून खाली आला तो वाकडा पाय पडून. आम्ही नाचत होतो. मावशी तेवढी म्हणाली, "अरे, त्याच्या पायाकडं बघा कोनीतरी."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लबाने पुढचा करार केला नाही.

तो परत येतोय एवढंच पेणमध्ये कळलं, का ते कोणी विचारलं नाही. पेणच्या रामवाडीला सत्काराचा फलक लागला. त्यावर अकरा पुढारी होते आणि हा मानेपर्यंतच मावला होता, हातात फुटबॉल. रोहेकर म्हणाले, जन्म आमच्याकडचा. पेणकर म्हणाले, आजोळ आमचं. अखेर "पेण-रोह्याचा सुपुत्र" यावर तडजोड झाली. समारंभात सत्कारमूर्तीच्या खांद्यापर्यंत हात पोचेना म्हणून अध्यक्ष खुर्चीवर चढले आणि शाल घालून म्हणाले, "व्हॉलीबॉलमध्ये या पोरानं आपला झेंडा सातासमुद्रापार नेला!"

मग त्याच्या हातात माइक आला. तो म्हणाला, "साहेब, क्लबनं मला सोडलं. गुडघा गेलाय. आता मी नाय खेळू शकत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष खुर्चीवरूनच ओरडले, "बघा! याला म्हणतात विनय!"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला हसू आलं नाही.

दुपारी मी त्याला माझ्या गाडीतून रोह्याला सोडायला निघालो. पुढची सीट पार मागे सरकवूनही त्याचा दुखरा पाय नीट पसरत नव्हता. वडखळपर्यंत तो गुडघा चोळत होता. नागोठण्याजवळ आल्यावर म्हणाला, "दादा, ती चार मिनिटं तू बघितलीस?"

"बघितली की."

"नंतर मोबाइलवर, का तेव्हाच?"

"तेव्हाच. आम्ही सगळे होतो. काका तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते."

"मग सांग ना, कशी झाली. मला नीट आठवतच नाय."

मी सांगायला लागलो. पहिली बास्केट सांगितली. दुसरी सांगताना त्याने मला थांबवलं. "ती डाव्या हातानं होती," तो म्हणाला. मी म्हटलं, हो, डाव्या हातानंच. तिसरी सांगून तो खाली येण्याआधीच मी थांबलो. अंबा नदीचा पूल मागे पडला, तेव्हा खिडकीबाहेर बघत तो हळूच म्हणाला, "पहिल्यापासून सांग."

मी गाडीचा वेग थोडा कमी केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.