चौकटीवरच्या बांगड्या

कुठल्याही खोलीत शिरण्याआधी माझ्या सहकारी बाई दाराच्या चौकटीवर हातातल्या बांगड्या हलकेच वाजवत आणि म्हणत, "मीच आहे हं." नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी आम्ही दोघी शेजारी बसायचो. तिथेही हेच. शिपाई म्हणायचा, "सरकारांची स्वारी आली." त्याही हसायच्या.

या सवयीचं कारण मला फार उशिरा कळलं. त्यांचे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये होते. तिथे स्फोट झाला तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभा असलेला सोबती गेला. यजमानांना खरचटलंही नाही. पण तेव्हापासून मागून कोणी आलं की यांचा हात आधी उठायचा, ओळख मग पटायची.

एकदा त्या गालावर पदर ओढून कामाला आल्या. आदल्या दिवशी नवऱ्याच्या खांद्यावर मागून हात ठेवला होता, इतकंच. ते नंतर रडले. मग जेवायलाही समोर बसेनात. "तू कल्याणला भावाकडे राहा," म्हणाले. "एखाद्या दिवशी माझ्या हातून तू जाशील."

त्या गेल्या नाहीत. यजमान डॉक्टरांकडे जाऊ लागले, पण घरातलं अंतर तसंच राहिलं. अशा बाईला आपण सोशिक म्हणून मोकळे होतो. त्या सोशिक नव्हत्या, चिडायच्या. "ताई, स्वतःच्या घरात मी दवंडी पिटत फिरते. एकदा तरी न सांगता त्यांच्याजवळ जायचंय मला."

एका संध्याकाळी निघताना त्यांनी बांगड्या मनगटावरून वर सरकवल्या आणि त्यांवर हातरुमाल घट्ट बांधला. सवाष्णीने त्या उतरवायच्या नाहीत, म्हणून हा तोडगा.

"डॉक्टरांना विचारलंत?" मी म्हटलं.

"यांनाच विचारलंय. म्हणाले, ये. फक्त कधी ते सांगू नकोस."

त्या रात्री मी पुस्तक उघडून बसले. पान पुढे सरकेना.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी त्या आल्या नव्हत्या. फोन करावा की करू नये, या विचारात होते, तोच शेजारची खुर्ची कोणीतरी ओढली. मी दचकले.

"घाबरलात?" त्या म्हणाल्या. रुमाल अजून हातावर बांधलेला होता.

मग त्यांनी सांगितलं. आदल्या रात्री यजमान दाराकडे पाठ करून मेथी निवडत होते. बाईंनी मागून खांद्यावर हात ठेवला, तशी यजमानांची मूठ वळली, सगळं अंग ताठ झालं. पण हात वर आला नाही. मूठ सैल करत ते म्हणाले, "किती गार पडलाय गं हात तुझा."

एवढं सांगून त्या पुस्तकांवर शिक्के मारू लागल्या.

गेल्या वर्षी थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन त्या गेल्या. पुस्तक बदलायला आता यजमान येतात. दारात थांबतात, चौकटीवर बोटांनी हलकेच वाजवतात. "मीच आहे हं," म्हणतात, आणि मी मान वर करेपर्यंत आत पाऊल टाकत नाहीत.