गिरणीच्या दारावरची घागर

माझा धंदा लोकांपर्यंत गोष्ट पोचवण्याचा. पुण्यात काही वर्षं जाहिरात कंपनीत काढून मी औरंगाबादला परत आले आणि इथल्या एका जाहिरात कंपनीत लागले, तेव्हा शहर बीड बायपासच्या पलीकडे भराभर पसरत होतं आणि पाणी त्याच वेगानं आटत होतं. आई आणि मी ज्या नव्या कॉलनीत राहायला गेलो, तिथं रस्त्यांना दिवे होते, घरांना नक्षीची गेटं होती, नळाला मात्र पाणी नव्हतं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. किती वाजता, ते त्या दिवशी सकाळी कळलं तर कळायचं.

कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. टँकरची बातमी त्यावर यायची, पण गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस यांत ती चेंगरून जायची. एका बैठकीत कॉलनीचे अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही मार्केटिंगवाल्या ना? मग करा की काहीतरी."

मी केलं. वेगळा ग्रुप काढला, 'जलवार्ता' असं नाव दिलं, थेंबाचं बोधचिन्ह काढलं. अख्खा रविवार खर्चून टँकरच्या वेळेचं कार्ड तयार केलं: पांढऱ्यावर फिकट निळी, नाजूक अक्षरं आणि भरपूर मोकळी जागा. मोकळी जागा म्हणजे अभिरुची, असं आम्ही लोक एकमेकांना शिकवत असतो. पहिल्या कार्डावर अभिनंदनाचा पाऊस पडला. त्या वर्षी पडलेला तेवढाच.

पुढच्याच आठवड्यात टँकर दुपारी येणार असल्याचं कळलं. मी ऑफिसातून कार्ड टाकलं. पाहता पाहता सगळ्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा आल्या. संध्याकाळी घरी येईपर्यंत निम्म्या ग्रुपनं फोन करून विचारलं होतं, "टँकर कधी येणार?" टँकर येऊन गेला होता.

आमच्या घरचे ड्रम मात्र भरलेले होते.

"कार्ड वाचलंस ना?" मी आईला मोठ्या आशेनं विचारलं.

"कसलं कार्ड? चष्मा लावूनसुद्धा दिसत नाही ते. मी गिरणीवर वाचलं."

कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. ती चालवणाऱ्या मावशी मेंढपाळाच्या घरातल्या, खुलताबादकडच्या. भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरायचा. मावशी आणि त्यांचे यजमान शहरात येऊन गिरणी टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी मी गहू घेऊन गेले. गिरणीच्या पत्र्याच्या दारावर खडूनं काढलेली कालची घागर अजून होती. तिच्या वर बरोबर मधोमध सूर्य. म्हणजे टँकर दुपारी. सकाळी येणार असला की सूर्य डावीकडं खाली, संध्याकाळी उजवीकडं. टँकरवाला सकाळी कामावर निघताना त्यांच्याच दारी चहाला थांबायचा, म्हणून बातमी पक्की.

"मावशी, हे कुणी शिकवलं?"

"शिकवतंय कोन? कामाला येनाऱ्या बायांना वाचता येत नाय, म्हाताऱ्यांना दिसत नाय. आधी नुसती घागर काढली, तर एक जनी घागरी इकायला हायेत का म्हनून इचारून गेली. मग सूर्य काढला." पिठाचा हात पदराला पुसत त्या पुढं म्हणाल्या, "तुमचं कार्ड दावलं मला एकीनं. लई चांगलंय. पन त्यात पानी कुठंय ते घावंना."

आमच्याकडं याला वापरकर्त्यांची चाचणी म्हणतात आणि त्यासाठी मुंबईहून माणसं बोलावतात.

त्या दिवसापासून मी कार्ड बंद केलं आणि दाराचा फोटो ग्रुपवर टाकू लागले. इथंच थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण मी जाहिरातवाली. फोटो ऑफिसात दाखवला. साहेब खूश झाले, "किती अस्सल आहे हे!" त्याच सुमारास जालना रोडवर, करमाडच्या जवळ, एक बिल्डर मोठी वसाहत बांधत होता. त्याच्या फाटकावर आम्ही भलंमोठं होर्डिंग लावलं: खडूची घागर, डोक्यावर सूर्य, खाली 'पाणी, दिवसभर'. मावशींना विचारायचं मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ दिवस सांगत असे. सुचलं होतं. विचारलं नाही, एवढंच.

आठवड्याभरात बिल्डरचा फोन आला. "मॅडम, तुमच्या जाहिरातीनं गिऱ्हाईक आलंय. मेंढरं आलीत! ताबडतोब या."

मी पोचले तेव्हा फाटकासमोर मेंढरांचा कळप बसला होता आणि नमुना फ्लॅट बघायला आलेल्या गाड्या पलीकडं अडकल्या होत्या. मेंढरांचा मालक म्हणजे मावशींचा भाऊ. बहिणीच्या गिरणीवर येऊन-जाऊन त्याला घागरीचा अर्थ पाठ होता.

"ती जाहिरात आहे, जाहिरात!" वॉचमन त्याला समजावत होता.

"ते ऱ्हाऊ द्या. पानी हाय का नाय?"

वॉचमननं माझ्याकडं बोट दाखवलं. तो माणूस शांतपणे माझ्यासमोर आला. "घागर तुमी काढली का?"

"हो."

"मंग?"

इतक्या वर्षांत माझ्या जाहिरातीचा शब्द न् शब्द खरा मानून आलेला तो पहिला माणूस, आणि त्याला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. मी बिल्डरला म्हटलं, बांधकामाच्या टाकीतलं पाणी सोडा. तो टाळाटाळ करत होता. तेवढ्यात अडकलेल्या गाडीतल्या एक बाई उतरून मेंढरांचा व्हिडिओ काढू लागल्या. ते पाहताच बिल्डरनं स्वतः पाइप हातात घेतला, कॅमेऱ्याकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ वसाहतीसाठी आम्ही चालवत असलेल्या फेसबुक पेजवर चढला. तिथं एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. त्या जोरावर त्यानं फाटकाशी जनावरांसाठी सिमेंटचा हौद बांधला. होर्डिंगवरची घागर पुसायला मी सांगितलं, तर म्हणाला, "आता कशाला? आता तर खरंच पाणी आहे."

मावशींना सगळं भावाकडून कळलंच होतं. मी माफी मागायला गेले. त्यांनी आधी माझं दळण पुरं केलं, डबा हातात दिला आणि मग म्हणाल्या, "इचारलं असतं तर नाय म्हनले नसते. पन पानी नाय तिथं काढू दिली नसती."

पुढं महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पाणी नाही तिथं घागर काढायची नाही, ही व्यवसायातली नीती मला कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगितली नव्हती.

हौद त्या उन्हाळ्यात भरला जातो की नाही, हे पाहायला मी दोनदा बसनं करमाडला गेले. भरलेला होता. जावं लागलं, कारण पेजवर रोज येणाऱ्या हौदाच्या फोटोंखाली 'पाणी आहे' असं मीच लिहीत होते.