विमानाचे टायर वाडीच्या गोदामात

मागच्या महिन्यात मुलाने विचारलं, "बाबा, आता मला कामासाठी सारखं विमानाने फिरावं लागणार. तीन कंपन्यांची पॉइंटवाली कार्डं आहेत. कोणतं घेऊ?" त्यातली एक म्हणे पहिल्याच फेरीला दुप्पट पॉइंट देते. मी म्हटलं, "तिच्या विमानांचे टायर कुठे पडलेत ते आधी बघून ये." म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असाच त्याचा चेहरा झाला. मग त्याला वाडीच्या चौकीतली ती केस पहिल्यापासून सांगावी लागली. खून-दरोड्यांच्या तारखा मी कधीच विसरलो, पण ही केस आठवली की आजही हसू फुटतं.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी फौजदार होतो आणि नागपूरला लागून अमरावती रोडवरच्या वाडीची चौकी माझ्याकडे होती. वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रक. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीही तशाच: ताडपत्री चोरीला गेली, ड्रायव्हर-क्लीनरची मारामारी झाली, ट्रक रस्त्यात आडवा लावला. त्यात एका मे महिन्याच्या सकाळी तिथले एक मोठे ट्रान्सपोर्टवाले चौकीत आले. सगळी वाडी त्यांना काका म्हणायची, मीही तेच म्हणतो. माणूस मनाचा चांगला, पण चमडी जाय पर दमडी न जाय अशा जातीचा. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायला बसले तर शेजारच्याला सुपारीचा तुकडा देणार नाहीत.

"साहेब, चोरी झाली! माह्या घरच्या कपाटातून कूपनाचं पुस्तक गेलं!"

"कसलं कूपन, काका?"

"विमानाचं!"

आता हे कूपन काय प्रकरण होतं ते सांगतो. त्या सुमारास खासगी हवाई टॅक्सीची टूम निघाली होती. नागपुरातही दोन छोटी विमानं घेऊन एक कंपनी आली. शहरातल्या सदर भागात थंडगार ऑफिस, काउंटरवर टाय लावलेला मॅनेजर, आणि पेपरात ही मोठी जाहिरात: दहा फेऱ्यांचे पैसे आगाऊ भरा, बारा फेऱ्या करा, वर लाल सुटकेस भेट. आमच्या चौकीतसुद्धा त्यांचं कॅलेंडर लागलं होतं. आमच्या एका वरिष्ठांच्या घरी ती लाल सुटकेस मी स्वतः पाहिली होती. कोण ते सांगणार नाही, पेन्शनवाल्याने पेन्शनवाल्याची लाज राखावी. सरकारी विमान होतंच, पण ते ना भेट देणार, ना फुकट फेरी. उशिरा सुटायचं, पण सुटायचं.

काकांनी फुकटच्या दोन फेऱ्या पाहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा आगाऊ पैसे भरले. त्यामागे कारणही तसंच होतं. त्यांची एकुलती मुलगी मुंबईला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण खरं तर नागपूरला, माहेरी व्हायचं. पण नेमकं तेव्हाच काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. मुलीचं बाळंतपण आईच्या हातून झालं नाही, ही गोष्ट काकूंच्या जिवाला लागून राहिली होती. बारसं मुद्दाम सव्वा महिन्यानंतर ठेवलं, आजी यावी म्हणून. डॉक्टरांनी बजावलं होतं, रेल्वेत रात्रभर बसायचं नाही, झोपूनही हादरे चालणार नाहीत. म्हणजे काकूंना नात पाहायची तर विमानाशिवाय गत नव्हती. बारसं अकरा दिवसांवर आलं होतं आणि कूपनं गायब.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

काका थोडे घुटमळले. मग म्हणाले, "मुनीम. दोन दिवसापासून कामावर नाही आला. घरी विचारलं तर बायको म्हणते कामावर गेले. आता तुमीच सांगा!"

हा मुनीम मला माहीत होता. वीस वर्षं एकाच गादीवर बसलेला, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं, डोक्यावर टोपी. वाडीतले ट्रकवाले त्याच्याकडे पैसे ठेवून गावी जात. अशा माणसावर एकदम नोकराने केलेल्या चोरीचं कलम ३८१ लावायला माझा हात धजेना. ठाणे अंमलदाराला सांगितलं, सध्या अर्ज घे, स्टेशन डायरीत नोंद कर, गुन्हा दाखल करायचं नंतर बघू.

दुपारी खबर आली. चौकीसमोर खर्ऱ्याची टपरी चालवणारा आमचा जुना खबऱ्या. सगळ्या वाडीची नाडी त्याच्या हातात. काच पुसता पुसता म्हणाला, "साहेब, काकाचा मुनीम शोधून राह्यले का? तो सदरले विमानाच्या हापिसात बसून राह्यला दोन दिवसांपासून. माह्या साळ्यानं पाह्यलं. सकाळी जाते, सोफ्यावर बसते, दुपारी तिथंच डबा खाते."

"डबा खातो?"

"हाव ना! काल वांग्याची भाजी होती म्हणे. पुरं हापिस वासानं भरलं."

मी खुर्चीत टेकून बसलो. माझ्या सगळ्या नोकरीत चोरीचा माल विकायला गेलेल्या माणसाने तिथेच डबा उघडून बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. चोराला घाई असते. हा माणूस तर ठाण मांडून बसला होता.

संध्याकाळी हवालदाराने त्याला घरून आणलं. मी त्याला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि विचारपूस सुरू केली.

"कूपनाचं पुस्तक कुठे आहे?"

"माह्याजवळ आहे, साहेब."

पहिल्याच प्रश्नाला कबुली! हवालदार माझ्याकडे पाहायला लागला.

"कपाटातून तू काढलंस?"

गप्प.

"मग तुझ्याकडे आलं कसं?"

गप्प.

"अरे, काहून घेतलंस ते तरी सांग!" माझ्या तोंडून वाडीची भाषा निघाली.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, उद्या दुपारपर्यंत थांबा. मंग मले आत टाका, हातकडी लावा, काही म्हणणार नाही. पण मालकायले आज सांगू नका मी कुठं जातो ते."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, जे जे करतात ते सगळं केलं. तो घामाने निथळला पण बोलला नाही. माझा अनुभव सांगतो, खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता, म्हणजे कोणाला तरी पाठीशी घालत होता. पण कोणाला? आणि उद्या दुपारीच काय होणार होतं? मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्याला सकाळी सातला चौकीत हजर राहायला सांगून घरी सोडलं, आणि उजेड होता तोवर काकांच्या गोदामात गेलो. मुनीम बसायचा ती जागा पाहिल्याशिवाय त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळणार नव्हतं.

गोदामात पोती, ड्रम, सायकलींची खोकी. मुनिमाची गादी दाराजवळ. तिथे बसलं की समोर दोन मोठी लाकडी खोकी दिसायची. एवढ्या गोदामात तीच तेवढी धुळीने माखलेली. एकावर मांजर पिलं घेऊन निवांत पसरलं होतं. मी सहज खोक्यावरची चिठ्ठी वाचली. माल घेणाऱ्याचं नाव त्याच विमान कंपनीचं.

"काका, हे काय?"

"टायर आहेत विमानाचे. भाडं माल सोडवताना द्याचं असते ना, तसा आला. दोन महिने झाले, सोडवूनच नाही राह्यले." काकांचा चेहरा खुलला. "पडू द्या! माल पडून राह्यला का रोजचं डेमरेज लागते, दंडच म्हणा ना. बसल्या जागी कमाई आहे, साहेब!"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. "काका, ज्या कंपनीजवळ स्वतःच्या टायरचं भाडं द्यायला पैसे नाहीत, तिला तुम्ही दहा फेऱ्यांचे पैसे आगाऊ दिले?"

"तो कूपनाचा धंदा वेगळा, साहेब, अन् हा टायरचा वेगळा," एवढंच काका कसंबसं म्हणाले आणि खर्ऱ्याची पुडी शोधू लागले. असं आहे बघा. चाळीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढलेला माणूस, कोणत्या दुकानदाराचं दिवाळं निघणार हे त्याच्या मालाच्या पावत्या, बिल्ट्या पाहून सांगायचा. पण फुकट दोन फेऱ्या म्हटल्यावर स्वतःचंच गोदाम त्याला दिसेनासं झालं.

सकाळी बरोबर सातला मुनीम हजर. हातात डबा. मी फक्त एक शब्द बोललो, "टायर."

तो हसला. "दिसले का, साहेब?"

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात चौकीच्या दारात रिक्षा थांबली. कमरेला पट्टा बांधलेल्या काकू एका हाताने दार धरून हळूहळू उतरल्या. मागोमाग काका स्कूटरवरून धापा टाकत आले, "अवं, थांब ना वं!" म्हणत. रात्री काकांनी घरी सगळं बोलून टाकलं होतं, आणि मुनिमाला चौकीत नेल्याचं ऐकल्यावर काकूंना झोप लागली नव्हती.

"साहेब, त्याले सोडा," काकू उभ्याउभ्याच म्हणाल्या. "पुस्तक म्या देल्लं. कपाटाची चावी माह्या कमरेले असते, हे बी ह्यायले सुचलं नाही."

खुर्ची दिली तरी बसेनात. मग सगळं बाहेर आलं. टायर पडून आहेत, कंपनी लंगडी झाली, पैसे परत घ्या, असं मुनिमाने काकांना तीनदा सांगितलं होतं. काका दर वेळी खेकसले, तुले विमानातलं काय समजते? शेवटी तो घरी जाऊन काकूंना म्हणाला, "वैनी, ऐन बारशाच्या दिवशी विमान नाही उडलं तर काय कराल?" काकूंनी कपाट उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यांनी फुकटच्या फेऱ्यांपायी ते परत आणलं असतं, म्हणून दोघंही गप्प.

"अन् सुटकेस?" काका मधेच म्हणाले. "ते वापस मागतील ना!"

"चूप बसा!" काकू एवढ्या जोरात ओरडल्या की हवालदार सावधान उभा राहिला. मग त्यांचा आवाज एकदम बसला. "माही पोरगी तिथं एकटी बाळंत झाली. मले तिच्या डोक्यावरून हात फिरवता नाही आला. बारशाले बी नाही पोचली तर मी काय तोंड दाखवू तिले? अन् तुमी सुटकेस घेऊन बसले!"

काका आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

मी स्टेशन डायरी ओढली. घरच्या बाईने घरातली वस्तू घरच्या माणसाकडे विश्वासाने दिली, यात चोरी कुठली? अर्ज निकाली काढला. पण खरं काम राहिलं होतं. पैसे अजून मॅनेजरकडेच होते.

"दोन दिवस बसून काय केलंस?" मी मुनिमाला विचारलं.

"काही नाही, साहेब. वाद नाही घातला, आवाज नाही चढवला. जो गिऱ्हाईक कूपन घ्याले येते, त्याले रामराम करतो. तो विचारते, तुमीही पुस्तक घेऊन राह्यले का? मी म्हणतो, नाही, वापस करून राह्यलो. मंग तो जरा इचार करते अन् चालला जाते. मॅनेजर काल म्हणे, उद्या दुपारी येजा, देतो, पण बापा, तो डबा आणू नको."

मला हसू आवरेना. त्या दिवशी मी साध्या कपड्यांत त्याच्यासोबत सदरला गेलो. माझ्या हुद्द्याचा काही उपयोग करायची वेळच आली नाही. मुनिमाने सोफ्यावर बसून डब्याचं झाकण हळूच वर केलं, लसणाच्या ठेच्याचा घमघमाट सुटला, आणि मॅनेजर आतून पाकीट घेऊन धावत आला. थोडी कपात केली, सुटकेसचे पैसेही कापले. तिथून आम्ही तडक सरकारी विमानाच्या ऑफिसात गेलो आणि दोघांची जाण्या-येण्याची तिकिटं काढली. भेट काही मिळाली नाही. काउंटरवरच्या बाईंनी साधं हसूनसुद्धा पाहिलं नाही.

गोदामात काका वाट पाहत उभे होते. माफी मागणं त्यांच्या जिभेला जमणारं नव्हतं. तिकिटं त्यांनी उलटसुलट पाहिली, मग खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, उघडली आणि मुनिमापुढे धरली. "घे ना गा," म्हणाले. वीस वर्षांत पहिल्यांदा. मुनिमाने चिमूटभर घेतला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तंबाखू कडक होती असं तो मला नंतर म्हणाला.

काकू बारशाला वेळेवर पोचल्या. विमान अडीच तास उशिरा सुटलं, पण सुटलं. परत आल्यावर चौकीत पेढे आणले. "नात नाकानं माह्यावर गेली, साहेब," म्हणून स्वतःचं नाक दाखवलं.

पाऊस लागायच्या आत त्या कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागलं. कूपनवाल्यांच्या तक्रारींचा ढीग पडला, तपास वरच्या शाखेकडे गेला. लाल सुटकेसवाल्या वरिष्ठांनी तक्रार केली नाही, एवढंच मला माहीत आहे. मी एक शिकलो. योजना काय देते हे सगळे वाचतात. देणारा उद्या जागेवर असेल का, हे कोणी विचारत नाही. ते विचारायचं तर टायवाल्या मॅनेजरला नाही, त्याला रोज माल पोचवणाऱ्याला, चहा देणाऱ्याला, भाडं मागून थकलेल्या मुनिमाला विचारावं. आणि तो सांगत असेल तेव्हा ऐकावं.

पुढे माझी बदली झाली. चार-पाच वर्षांनी एका लग्नासाठी वाडीला गेलो, तेव्हा काकांच्या घरी डोकावलो. अंगणातल्या कडुनिंबाला जाड दोराने एक टायर टांगलेला होता. बेवारस मालाचा लिलाव झाला तेव्हा काकांनी स्वतःच बोली लावली होती, दुसरं कोणी नव्हतंच घ्यायला. सुट्टीत आलेली नात त्या टायरात पाय सोडून बसली होती, आणि काकू, पाठीचा पट्टा केव्हाच सुटलेल्या, पदर खोचून तिला झोके देत होत्या. पोर वर जायची आणि किंचाळायची, "अजून, आजी, अजून!"

काका ओट्यावर खर्रा घोटत बसले होते. शेजारी मुनीम. मला पाहून काकांनी हाक मारली, "या साहेब, बसा तुमी बी! इथं कूपन नाही लागत!"