प्रार्थना बरोबर आली म्हणून

आमच्या ख्रिस्ती विद्यापीठात जोलीन खेळाडूंच्या दुखापती सांभाळण्याचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मी तिथे खेळाडूंचे टॉवेल धुते, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोरच घडलं.

शनिवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात आमच्या संघातल्या टकरचं डोकं जोरात आपटलं. अशा वेळी खेळाडू परत मैदानात जाऊ नये म्हणून हेल्मेट काढून घ्यायचं आणि डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला ठरलेले प्रश्न विचारायचे, हा नियम.

"दे ना हेल्मेट, डॉक्टरीणबाई," टकर जोलीनला म्हणाला. " आज आई आलीय बघायला."

"आधी आपली प्रार्थना म्हणून दाखव."

संघाची रोजची प्रार्थना त्याने न अडखळता म्हटली. जोलीनने "आमेन" म्हणून हेल्मेट परत दिलं. ठरलेले प्रश्न राहिलेच. रोजचं पाठांतर डोक्याला मार लागला तरी तोंडून निघतं, हे ती वर्गात शिकली होती. थोड्याच वेळात टकर मैदानात उलट्या करत खाली बसला. मग तिनेच धावत जाऊन त्याला बाहेर आणलं.

तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहा, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं.

सोमवारी प्रार्थनेनंतर तिचे शिक्षक ओडेल सर्वांसमोर म्हणाले, "या पोरीने वेळेवर बाहेर काढलं. देवाचे आभार माना." टाळ्या वाजल्या. जोलीनची मान वर होईना. तिथे आलेल्या टकरच्या आईने तिला मिठीच मारली.

"नका ना, काकू," ती पुटपुटली. "मी प्रश्न विचारलेच नव्हते. प्रार्थना ऐकली आणि परत खेळायला पाठवलं."

आईचे हात सुटले.

"टकरला माहीत आहे?"

"नाही."

"मग चल. तूच सांग त्याला."

जोलीन खाली मान घालून तिच्यामागे गेली.