सुकीची हाक

सुकीची आणि समुद्राची पहिली भेट झाली तेव्हा समुद्रानं तिच्याकडून एक पातेलं, अर्धाकच्चा भात, तीन दगडांची चूल आणि डाव्या पायातली चप्पल एवढा आहेर घेतला, आणि बदल्यात काहीही दिलं नाही.

यात समुद्राची चूक नव्हती. सुकी जव्हारच्या डोंगरातल्या जामसर पाड्याची, आणि तिथल्या माणसाला पाण्याचा एकच स्वभाव ठाऊक. पावसाळ्यात ते डोंगरावरून बोंबलत येतं, शिमग्याआधी पाठ फिरवतं, आणि पुढल्या मृगापर्यंत तोंड दाखवत नाही. मग बाया नदीच्या वाळूत खड्डा खणतात, त्याला झिरा म्हणतात, आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. त्यामुळं डहाणूकडच्या त्या कोळीवाड्यात उतरल्यावर, ओहोटीनं लांब गेलेला समुद्र पाहून सुकीनं निकाल दिला, की आटला बिचारा. एवढं ऐसपैस नदीपात्र फुकट मिळाल्यावर कोण सोडतो? तिनं झिरा खणला, शेजारी चूल मांडली आणि त्याच पाण्यात भात चढवला. भाताची चव बघितली, तर तेवढ्या मिठात जव्हारच्या अख्ख्या बाजाराचं लोणचं झालं असतं. थुंकायला वळली, तोवर आटलेली नदी गुडघ्याला लागली होती. ती अशी किंचाळली, की तीन होड्या जागच्या जागी थांबल्या आणि वाऱ्यानं दिशा बदलली.

हे सरूबाय सांगते. सरूबाय म्हणजे मासे वाळवायच्या मांडवाची मालकीण, सुकी तिच्याकडेच कामाला. तिच्या सांगण्याला चारानं भागून घ्यायचं असतं.

"अगो बाय, चूल दर्यात मांडतेस? त्याला काय जेवाया बोलावलंस?"

"मला वाटलं आटला."

"आटला! दर्या काय तुझ्या गावची विहीर हाय?"

तेव्हापासून कोळीवाड्यात पोरंसोरंही सुकीला 'आटली' म्हणायला लागली. सुकी हसली नाही आणि रागावलीही नाही. बोंबील टांगत राहिली.

हसणं भादव्यातच थांबलं होतं. तिची एकुलती एक लेक जमिनीवर निजली होती. मण्यार चावली. जीप मिळून जव्हार गाठेपर्यंत सगळं आटोपलं. पोर सोळा वर्षांची होती.

सुकी आणि तिचा नवरा सुकऱ्या, दोघंही शुक्रवारी जन्मलेली. नाव ठेवायला पाड्यावर एवढा विचार पुरतो. लेकीचं नाव मात्र बारशालाच शाळेतल्या मास्तरांनी ठेवलं, प्रगती. पाड्यानं ते दोन दिवस तोंडात घोळवलं आणि त्याची पर्गती करून टाकली.

आता, नवऱ्याचं नाव बाई घेत नाही आणि बायकोचं नाव बाप्या घेत नाही, ही जुनी रीत. सुकी सोळा वर्षं नवऱ्याला 'पर्गतीचा बा' म्हणत होती आणि तो तिला 'पर्गतीची आई'. लेक गेली आणि एका रात्रीत दोघांची नावं गेली. हाक मारायची तर तोंडातून लेकीचंच नाव निघणार. म्हणून हाकच बंद झाली. भाकरी झाली की सुकी ताट आपटायची. पाणी हवं असलं की सुकऱ्या खोकायचा. पहिल्या महिन्यात शेजारणीनं त्याला खोकल्याचं औषध आणून दिलं. सुकऱ्यानं ते निमूटपणे पिऊन टाकलं. नाही कसं म्हणणार, कारण तर सांगता येत नव्हतं.

दिवाळीनंतर सगळा पाडा वीटभट्ट्यांवर गेला. ही दोघं मात्र समुद्रावर आली, कारण भट्टीवर ओळखीचे लोक होते आणि ओळखीचे लोक विचारतात.

इथं कुणी विचारत नव्हतं. सुकऱ्या होड्या ओढायच्या कामावर आणि सुकी मांडवावर. बोंबील वाळवायचे म्हणजे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. सुकी दिवसभर तसल्या जोड्या लावायची. तोंडात तोंड अडकलेलं, आणि बोलणं काही नाही. संध्याकाळी ती एका टोकाला बसायची, सुकऱ्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे सगळा किनारा.

एकदा सरूबायनं टोमणा मारलाच. "तुझा नवरा मुका, का तू बहिरी?"

"तसं काय नाय," सुकी म्हणाली आणि पुढची जोडी उचलली.

मग माघातली ती दुपार आली. ओहोटीला सुकऱ्या पार आत, वाळूच्या उंचवट्यावर जाऊन बसला. कशाला? तर कशालाच नाही. अलीकडे तो कुठंही जाऊन बसायचा. बसल्याबसल्या गुडघ्यात डोकं घालून त्याला डुलकी लागली. नदीला पूर येतो तो समोर दिसतो. पण समुद्र लबाड. किनारा आणि उंचवटा यांच्यामधे एक खोलगट पन्हळ होती, तिच्यातून भरतीचं पाणी गुपचूप सुकऱ्याच्या मागं शिरलं.

सुकीनं मांडवावरून पाहिलं. पोहता तर दोघांनाही येत नव्हतं.

ती पाण्यापर्यंत धावली. "अरं!" ओरडली. किनाऱ्यावरच्या आठदहा बाप्यांनी वळून पाहिलं. तो 'अरं' त्यांच्यापैकी कुणाचाही होता. सुकऱ्या हलला नाही. ती खोकली. समुद्राच्या आवाजात खोकला कुणाला ऐकू जाणार? तिनं घमेलं आपटलं. वाळूवर घमेलं वाजतही नाही. पन्हळीतलं पाणी मांडीएवढं झालं.

सुकीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"पर्गतीच्या बाऽऽ! अवं पर्गतीच्या बाऽऽऽ!"

सुकऱ्यानं डोकं वर केलं. आधी त्यानं डावीउजवीकडे असं पाहिलं, जणू घरातूनच हाक आली. मग पाणी दिसलं. धडपडत, पडत, नाकातोंडात खारं पाणी घेत तो छातीएवढ्या पाण्यातून बाहेर आला आणि सुकीच्या पायाशी बसला. सुकी त्याच्या पाठीवर थापा मारत होती, निम्म्या काळजीच्या आणि निम्म्या रागाच्या.

"मरायला गेलतास व्हय?"

तो खोकला. या वेळी खरा.

"परत म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"ते. हाक."

सुकीनं म्हटली. हळू. मग दोघं तिथंच चिखलात बसून रडली, भादव्यापासूनचं सगळं. भरती येऊन पायांना लागली तरी उठली नाहीत. सरूबायनं मांडवावरून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते जमलं. मग तिनं विचारलं, "पर्गती कोण गो?"

सुकीनं जोड्या लावता लावता सांगितलं. पर्गतीला पोहायला शिकायचं होतं. पर्गती झोपेत हसायची. पर्गतीला बोंबील आवडायचे, पण काटा काढून द्यावा लागायचा. पुढं बरेच दिवस सुकी रोज थोडं थोडं सांगत राहिली, आणि कोळीवाडा तिला 'आटली' सोडून 'पर्गतीची आई' म्हणायला लागला.

हंगाम संपला, दोघं जामसरला परतली. पुढच्या दिवाळीनंतर सरूबायनं मांडव बंद केला. सुकऱ्याला होडीवर खलाशाचं काम मिळालं, तो एकटाच गेला. होडीवर बायका घेत नाहीत. सुकी सध्या जामसरच्या रस्त्याच्या कामावर खडी टाकते, आणि तिथंही तिला सगळे 'पर्गतीची आई' म्हणूनच हाक मारतात.