लग्न नसलेल्या घरचं बोलावणं

हौसा काळूराम हिने गावात मदत मागितली ती मान खाली घालून मागितली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्याकडे मदत मागणाऱ्या बाईने थोडं रडावं अशी अपेक्षा असते. ती रडली नाही म्हणून तिला काहींनी उर्मट म्हटलं. मी तिच्या घराला लागून राहतो आणि राहनाळच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहितो. जे पाहिलं ते क्रमाने सांगतो.

तिचा नवरा काळूराम पूर्ण्याच्या एका गोदामात लोडर होता. भात पिकवणारं आमचं गाव आता गोदामांच्या मधे अडकलेलं आहे. ज्यांची जमीन मोठी होती ते भाडं खातात, ज्यांची लहान होती ते त्याच गोदामांत माल उचलतात. काळूरामची जमीन लहान होती. दिवाळीच्या गर्दीत, रात्रपाळीला, खोक्यांची एक उंच थप्पी त्याच्या अंगावर कोसळली. कमरेचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा माणूस पुन्हा वजन उचलणार नाही. लोडरला वजन उचलता येत नाही म्हणजे त्याच्या सगळ्या पुढच्या आयुष्याची कमाई गेली. म्हणून कामगार कोर्टात भरपाईचा अर्ज केला.

तो अर्ज ज्याच्याविरुद्ध होता तो कामगार पुरवणारा ठेकेदार म्हणजे आमच्याच गावचा कुणाल, केसरीनाथ शेठचा मुलगा. गावातल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी त्याच्याकडे कामाला आहे.

कुणालचं म्हणणं असं की काळूरामची ड्युटी संपली होती आणि तो थप्पीच्या आडोशाला झोपला होता. तसं लिहिलेला कागद त्याने पाठवला. खाली काळूरामचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून हौसाची सही हवी होती. ती दिली की वर्षभराचं रेशन, औषधं आणि मुलीची, मेघालीची, कॉलेजची फी शेठ भरणार.

हौसा आधी पडघ्याला भावाकडे गेली. भाऊ बाळाराम म्हणाला, "बाय, सही करून मोकळी हो. शेठशी वैर घेऊन गावात ऱ्हाशील कशी?" तिला त्याने दोन पोती तांदूळ दिले आणि वर हाच सल्ला दिला. तांदूळ तिने घेतले. सल्ला घेतला नाही.

मग ती मला म्हणाली, "भाऊ, तुमी चला माझ्यासंगं शेठकडं. तुमी नुसतं ऐका. बोलेन मी."

शेठचा बंगला खाडीकडच्या बाजूला आहे. पडवीत झोपाळा, समोर तीन गाड्या. केसरीनाथ शेठ माणूस वाईट नाही. गावच्या देवळाचं छप्पर त्यांनी बांधून दिलं आहे. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"हौसा, मी कधी न्हाय म्हनलो का कुनाला?" शेठ म्हणाले. "काळूराम माझ्या भावासारखा. रेशन उद्याच पाठवतो. फक्त तेवढी सही."

"सही न्हाय केली तर पाठवाल?"

शेठ झोपाळ्यावर थोडे हलले. "तसा कसा? ठेका जाईल पोराचा. कंपनीवाले विचारतात."

"मंग मदत बोलू नका, शेठ. बाजार हाय तो. बाजारात मी पन भाव करनार."

"बोल ना. किती पायजे?"

"मना विकायचंच न्हाय," हौसा म्हणाली. "माझा नवरा ड्युटीवर होता. त्याच्या अंगावर थप्पी पडली तवा त्याच्या हातात खोका होता. त्याला झोपलेला म्हनाल तर त्याचं हाड परत मोडाल."

आतून चहा घेऊन आनंदीबाई आल्या. केसरीनाथ शेठच्या पत्नी. त्यांनी सगळं ऐकलं असावं. कप ठेवताना त्यांनी हौसाकडे बघितलं नाही. हौसाने चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि आम्ही निघालो.

वाटेत मी म्हटलं, "हौसा, निकाल लागायला वेळ लागेल. तोवर चूल कशी पेटवशील?"

"पेटलेलीच हाय ना," ती म्हणाली. मला वाटलं ती नुसती तावात बोलते आहे.

तसं नव्हतं. पडघ्याला गेली होती तेव्हा तिथे तिला भूपेश भेटला होता. तो लग्नांच्या जेवणाची कंत्राटं घेतो. आमच्या भागात हळदीचं जेवण म्हणजे मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. पूर्वी त्या भाकऱ्या गावातल्या बायका मिळून करत. आता इमारतीत राहायला गेलेल्यांना ते जमत नाही, म्हणून भाकऱ्याही कंत्राटदाराकडे मागतात आणि त्याच्याकडच्या भाकऱ्या चामड्यासारख्या होतात, अशी तक्रार असते. हौसाची भाकरी भूपेशने कधीतरी खाल्ली होती. तो म्हणाला, "काकी, रविवारी एक मोठी हळद हाय. दोन हजार भाकऱ्या. पीठ माझं. चार वाजता गाडी येईल. मऊ दिल्यात तर या सिझनची सगळी भाकरी तुमची."

हौसाने हो म्हटलं होतं. एकट्या बाईने दोन हजार भाकऱ्यांना हो म्हणणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी हळद झाली आहे त्यालाच कळेल. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, परातीत पाण्याच्या हाताने थापायची, तव्यावर पलटायची, निखाऱ्यावर फुगवायची. वीस-पंचवीस बायका दिवसभर बसल्या तर हे काम उरकतं.

आमच्या गावाची रीत अशी. हळद असलेल्या घरची बाई ताटात हळदकुंकू आणि अक्षता घेऊन दारोदार जाते आणि म्हणते, "भाकरीला या." ज्या घरी अक्षत पडली त्या घरची एक बाई चुलीवर बसलीच पाहिजे. त्याची मजुरी नसते. तुझ्या घरी मी, माझ्या घरी तू. हौसा लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून तिने एकही हळद चुकवलेली नव्हती. तिच्या घरी मात्र अजून हळद झालीच नव्हती. मेघाली शिकते आहे.

शनिवारी सकाळी हौसा नवं लुगडं नेसून, ताट घेऊन बाहेर पडली.

"अगो, कुनाची हळद?" पहिल्याच दारात रूपाने विचारलं. रूपाचा नवरा कुणालकडे सुपरवायझर आहे.

"कुनाची न्हाय. भाकऱ्या हायत दोन हजार, पडघ्याच्या. तुझ्या तीन नणंदांच्या हळदीला बसले मी. उद्या तू बस."

"लग्नाबिगर अक्षत? असं कुठं असतं का?"

"आजपासून असतंय," हौसा म्हणाली आणि तिच्या उंबऱ्यावर अक्षत टाकून पुढच्या दारी गेली.

दुपारपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता. कोणी हसलं, कोणी म्हणालं बाईचं डोकं फिरलं. पण हसण्याखाली भीती होती. हौसाच्या अंगणात बसणं म्हणजे कुणालच्या विरोधात बसणं, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. शेवटी हौसा बंगल्यावर गेली आणि आनंदीबाईंच्या पायरीवरही अक्षत टाकली. "कुणालच्या हळदीला पहाटेपास्नं बसले होते, वैनी. या," एवढंच म्हणाली.

काळूराम खाटेवर पडून म्हणाला, "तुला काय वाटतं, येतील?"

"न येवोत. ज्या न्हाय येनार त्यांच्या दारात मी परत जानार न्हाय. तेवढं तरी समजंल."

रविवारी तिने अंगणात चर खणून चुली मांडल्या. सरपण म्हणून गोदामांनी टाकून दिलेल्या लाकडी पॅलेटच्या फळ्या. पिठाची पोती भूपेशने आदल्या दिवशीच टाकली होती. गावातली सगळ्यात वडील बाई गोदूआजी काठी टेकत आधी आली. हळदीची पहिली चूल तीच पेटवते. ती म्हणाली, "लग्न असो का नसो, आग तर आगच हाय ना?" आणि तिने काडी ओढली. पाठोपाठ तीन बायका आल्या, तिघींच्या घरचं कोणी कुणालकडे कामाला नव्हतं.

हौसा, मेघाली, आजी आणि त्या तिघी. एवढ्याच. त्या थापत होत्या आणि टोपली काही भरत नव्हती. आजूबाजूच्या घरांच्या दारांत बायका उभ्या होत्या. अंगणात जावं की नाही, असं तोंडावर लिहिलेलं. मी माझ्या ओट्यावरून बघत होतो आणि चार वाजता भूपेशची गाडी अर्धी भरून जाईल, हा हिशेब मला सरळ दिसत होता. अर्धी ऑर्डर म्हणजे सिझन गेला. सिझन गेला की तो कागद पुन्हा दारात येणार.

"हौसा," गोदूआजी थापता थापता म्हणाली, "तुझी अक्षत हलकी पडली वाटतं."

"पडूं दे. हात जड हायत माझे," हौसा म्हणाली आणि आणखी उकड ओढून घेतली.

दहाच्या सुमारास गल्लीच्या टोकाला आनंदीबाई दिसल्या. चालत येत होत्या, काखेत स्वतःची परात. थापणारे हात थांबले. त्या सरळ आल्या, पदर खोचला आणि रिकाम्या चुलीसमोर बसल्या.

हौसा म्हणाली, "वैनी, शेठना विचारलंत?"

"शेठनी मना विचारून ठेका घेतला होता का पोराचा?" आनंदीबाईंनी पाण्यात हात बुडवला. "फेब्रुवारीत माझ्या पोरीची, उन्नतीची, हळद हाय. आज मी न्हाय बसले तर माझ्या चुलीवर कोन बसंल? कंपनीवाले येतील भाकऱ्या थापाला?"

एक बाई खुदकन हसली. मग सगळ्याच हसल्या. आनंदीबाई हसल्या नाहीत. हात चालवत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "आन कुणालच्या हळदीला तुझा हात पोळला होता. तूप मीच लावलेलं. मी इसरले न्हाय."

त्यानंतर कोणाला बोलवावं लागलं नाही. शेठची बायको बसली म्हटल्यावर कोणाच्या नोकरीला धोका? रूपा परात घेऊन धावत आली आणि म्हणाली, "मी येतच होते गं, पोरगा झोपत नव्हता." गोदूआजी म्हणाली, "व्हय व्हय, तुझा पोरगा दहावीला हाय ना? अजून अंगाई लागते?" अंगण भरलं. थापण्याचा आवाज एका लयीत सुरू झाला आणि कोणीतरी हळदीचं गाणं धरलं. नवरा-नवरीचं नाव यायच्या जागी त्यांनी काळूरामचं नाव घातलं. ओट्यावर टाकलेल्या खाटेवर तो लाजून पांघरूण ओढून घेऊ लागला.

जेवणाच्या वेळेला कुणाल आला. गाडी गल्लीत शिरेना म्हणून टोकाला लावून चालत आला.

"आये, घरी चल. पप्पा बोलावतात."

"भाकरी तव्यावर हाय," आनंदीबाई म्हणाल्या.

कुणाल हौसाकडे वळला. आवाज चढवला नाही त्याने. "काकी, हे करून काय मिळवनार तुमी? केस वर्षानुवर्षं चालते. आमी तारखा घेत ऱ्हानार. तुमी थकाल."

हौसाने भाकरी पलटली, मगच वर बघितलं. "चालू दे. भाकरी पन चालूच हाय. तू कागद परत न्हे आन सांग तुझ्या वकिलाला, बाईने चूल मोठी केली म्हनावं."

"आन उभा कशाला ऱ्हायलास?" गोदूआजीने काठीने भरलेल्या टोपल्या दाखवल्या. "जेवनार असशील तर जेव, न्हायतर त्या सावलीत न्हेऊन ठेव. एवढी पोरं ठेवतोस उचलाला, एकदा तू पन उचल."

सगळ्या बायका बघत होत्या आणि त्यांत त्याची आई होती. कुणालने चप्पल काढली आणि टोपली उचलली. किती जड असते ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. दुसरी उचलताना त्याने कमरेवर हात ठेवला, आणि खाटेवरून काळूराम त्याच्याकडे बघत राहिला. 

चार वाजता भूपेशची गाडी भरून गेली. हौसाने हात धुतले आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. "आजचा दिवस रीतीचा. माझं तुमच्याकडचं फिटलं. उद्यापास्नं ज्या बसतील त्यांना मजुरी. फुकट कुनी बसाचं न्हाय आन कुनी कुनाचे उपकार मानाचे न्हाय." सात जणींनी तिथेच नावं सांगितली. रूपा त्यांत होती.

सिझनभर ते अंगण पेटतं राहिलं. आता तिने पत्र्याची शेड घातली आहे. काळूराम खुर्चीत बसून पिठाची पोती मोजून घेतो, भाकऱ्या मोजून देतो आणि जळकी बाजूला काढली की बायकांच्या शिव्या खातो. शेठ तिच्याशी बोलत नाहीत. उन्नतीच्या हळदीला हौसा मात्र गेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसली आणि जेवून आली. मजुरी विचारली नाही, कारण ती रीतीची हळद होती.

अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही. कुणालचा वकील दर वेळी पुढची तारीख मागतो. मागच्या वेळी कोर्टात मी तिच्याबरोबर होतो, कुणालही आला होता. वकिलाने ठरल्याप्रमाणे पुढची तारीख मागितली आणि साहेबांनी एक तारीख सांगितली. हौसा उभी राहिली.

"साहेब, त्या दिवशी न्हाय जमनार मना. ऑर्डर हाय मोठी. त्याच्या नंतरची द्या."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि वकिलाला विचारलं, "तुमची हरकत?" वकील कुणालकडे बघू लागला. हरकत तरी कशी घेणार? इतके दिवस तारखा तेच मागत आले होते.

साहेबांनी हौसाला हवी ती तारीख लिहिली.